हसायला भाषा लागत नाही

संपादक महोदय,

‘को तो तामो पेवा’ (१९८०) हा सर्बियन विनोदी चित्रपट ‘परक्यांना कळणारा नाही’, हे आपल्या अंकातील मत पटले नाही. स्लोबोदान शियान दिग्दर्शित हा चित्रपट १९८१मध्येच कान महोत्सवात दाखवला गेला. बोलीतली गंमत उपशीर्षकांत निसटते, एवढे मान्य. पण डोळ्यांवर पट्टी बांधून बस हाकणारा मिश्को कुणालाही हसवतो.

‘मायदेशी नुसती करमणूक’ हेही चूक. कथा ५ एप्रिल १९४१ची. दुसऱ्याच दिवशी बेलग्रेडवर जर्मन बॉम्ब पडले, हे तिथला प्रेक्षक जाणतो. पाकीटचोरीचा आळ घेऊन प्रवासी रोमा गायकांना झोडपतात, तेव्हा त्याचे हसू जागीच विरते. अशा चित्रपटाला उथळ ठरवणे अन्यायाचे आहे.

– एक वाचक, पुणे