डब्यातला सहप्रवासी

लोअर परळला गाडीतून उतरून ऑफिस गाठणाऱ्या गर्दीत आपले बरेच वाचक असतात. शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याशी प्रभूविषयी बोलावं का, बोललो तर तो दुरावेल का, ही घालमेल त्यांच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे.

अशा वेळी मला रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात. बाप्तिस्म्याच्या साधारण दोन वर्षं आधी ते नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यातल्या एका युरोपियन गृहस्थाने सरकून त्यांना जागा करून दिली. गप्पा सुरू झाल्या त्या संस्कृत काव्यावर. धर्माचा विषय नंतर निघाला. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी टिळक खिळून राहिले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या गृहस्थाने आधी समोरच्याचं ऐकून घेतलं, हे मला फार मोलाचं वाटतं. आपण मात्र पत्रक पुढे करतो आणि त्या माणसाच्या घरी कोण आजारी आहे, हेही विचारत नाही.

घरात तर याहून धीर लागतो. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला, तोही स्वतःच्या मनाने. मधल्या वर्षांतला त्यांचा राग, ताटातूट, रडणं सगळं त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. नव्याने विश्वासात आलेल्या प्रत्येकाने ते वाचावं, विशेषतः ज्यांच्या घरचे अजून रुसलेले आहेत त्यांनी.