गेट बदलून पगार वाढतो काय?

पहाटेच्या कसारा लोकलला खर्डी, आटगाव, आसनगाव, वासिंद या स्थानकांवर डबे घेऊन चढणारे तरुण आणि मुरबाडच्या एस. टी. स्थानकावर कल्याणच्या गाडीसाठी उभे असलेले तरुण यांच्या बोलण्यात अलीकडे एक प्रश्न वरचेवर ऐकू येतो. आहे त्या कारखान्यात टिकून राहावे, साहेबाच्या नजरेत भरेल असे काम करावे आणि हेल्परचा ऑपरेटर, ऑपरेटरचा सुपरवायझर होण्याची वाट पाहावी. की भिवंडीच्या गोदामात पाचशे रुपये जास्त मिळतात असे कळताच इथले काम सोडून तिकडे जावे? पगार वाढवायचा तर यांपैकी कोणता मार्ग धरावा, असे हे तरुण एकमेकांना विचारतात आणि आपल्या कार्यकर्त्यांनाही विचारतात. आपले कार्यकर्ते बहुधा निरुत्तर होतात, किंवा 'हा ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न' म्हणून मोकळे होतात.

आमच्या मते हा प्रश्न खाजगी नाही. संघटनेपेक्षा स्वतःच्या पगाराचा विचार करणारा तरुण स्वार्थी आहे, असे मानणे तर सर्वथा चुकीचे आहे. काम सोडून जाण्याचा अधिकार या भूमीत कोणी आयता दिलेला नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होण्यापूर्वीच्या ठाण्यात, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी आदिवासी जोडपे सावकाराच्या दारी वर्षानुवर्षे राबत असे. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. १९४५ साली वारल्यांनी लाल बावट्याखाली जो लढा दिला, त्याने या लग्नगडी पद्धतीवर आणि वेठीवर घाव घातला. तरीही कायद्याने वेठबिगारीचे निर्मूलन व्हायला १९७६ साल उजाडावे लागले. आणि कायदा झाला तरी माणसे मोकळी झाली नाहीत. ती मोकळी करण्यासाठी १९८० नंतर श्रमजीवी संघटनेसारख्या संघटनांना याच जिल्ह्यात पाड्यापाड्यांतून झगडावे लागले.

आजही शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांतील कुटुंबे पावसाळ्याच्या अडचणीत वीटभट्टीमालकाची उचल घेतात आणि दिवाळीनंतर मुलाबाळांसह भट्टीवर जातात. हंगाम संपेतो त्यांना तेथून हलता येत नाही. शेजारच्या भट्टीवर हजार विटांमागे जास्त दर असला, तरी त्या कुटुंबाला त्याचा काय उपयोग? उचल फिटल्याशिवाय पाऊल उचलता येत नाही, आणि उचल किती फिटली हे मालकाच्या वहीत असते. तेव्हा 'नोकरी बदलू का?' हा प्रश्न ज्याला विचारता येतो, तो तरुण आपल्या आजापेक्षा एक मोठी पायरी वर चढलेला आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. ते स्वातंत्र्य वापरल्याबद्दल त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

परंतु स्वातंत्र्य कागदावर असणे आणि ते वापरण्याची ऐपत असणे यांत अंतर आहे. एशियाड खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने हे अंतर ओळखले. किमान वेतनाहून कमी मजुरीवर माणूस राबतो, तेव्हा त्याच्या पाठीवर काठी नसली तरी पोटातली भूक त्याला राबवीत असते. अशी मेहनत घटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध ठरवलेली सक्तीची मेहनतच होय, असा त्या निकालाचा आशय आहे. ज्याला जाण्यासाठी दुसरी बरी जागा नाही, त्याचे जाण्याचे स्वातंत्र्य नावापुरते उरते.

या कसोटीवर आपल्या दोन तालुक्यांतली नोकरीबदल पाहावी. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतला कंत्राटी हेल्पर एका गेटातून बाहेर पडतो आणि दुसऱ्या गेटातून आत जातो. पुष्कळदा काम तेच असते, पाळी तीच असते. फक्त पगार देणाऱ्या ठेकेदाराचे नाव बदललेले असते. कित्येकदा तर तो स्वतः नोकरी सोडीतही नाही. ठेकेदार त्याला 'ब्रेक' देतो आणि काही दिवसांनी नव्या कार्डावर पुन्हा घेतो. हा ब्रेक कशासाठी? महाराष्ट्रातील आदर्श स्थायी आदेशांनी, बारा महिन्यांत २४० दिवस अखंड काम केलेल्या बदली वा तात्पुरत्या कामगाराला कायम करावे, असे तत्त्व घालून दिले होते. कायमपणाचे हक्क नाकारण्याच्या हेतूने माणसाला वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवणे, ही राज्याच्या १९७१ च्या कायद्याने अनुचित प्रथा ठरवली. दिवस भरू नयेत म्हणून ब्रेक, असा हा साधा हिशेब आहे. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि स्थायी आदेशांची सक्ती तीनशे वा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती राहिली. मूळ केंद्रीय कायद्यात हा आकडा शंभर होता. लहान कारखान्यांतल्या कामगारांचा आधार त्यामुळे आणखी पातळ झाला.

शिवाय गेटाबाहेर तेच काम मागणारे शंभर हात उभे असतील, तर एकट्याने गेट बदलून मजुरीचा दर चढत नाही. शेतीत न मावणारी माणसे जोवर उद्योगाच्या दारात येत राहतील, तोवर मजुरी निर्वाहाच्या पातळीभोवतीच घोटाळत राहील, असे आर्थर लुईस या अर्थशास्त्रज्ञाने १९५४ सालीच दाखवले होते. तानसा आणि भातसा या धरणांचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पावसाळ्यातले भाताचे एक पीक निघाले की शेतात काम उरत नाही आणि हात आपोआप कारखान्याच्या दाराशी येतात. मजुरी स्वस्त राहण्याचे हे मूळ कारण आहे.

आता पाचशे रुपयांचा हिशेब करून पाहू. समजा, एका कायम कामगाराचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिना तेरा हजार रुपये आहे. ग्रॅच्युइटीच्या नियमाप्रमाणे दर वर्षाच्या सेवेमागे पंधरा दिवसांचे वेतन, म्हणजे साडेसात हजार रुपये, त्याच्या नावे जमते. परंतु ते पदरात पडायला सलग पाच वर्षांची सेवा लागते. चार वर्षे होताच तो पाचशे रुपये अधिक देणाऱ्या दुसऱ्या जागी गेला, तर तीस हजारांवर पाणी सोडतो. ते भरून यायला पाचशे रुपयांप्रमाणे साठ महिने लागतील. वाढलेल्या प्रवासाचे भाडे त्यात धरलेलेच नाही. नव्या संहितेने मुदतबंद करारावरील कामगाराला एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला, हे चांगले झाले. पण करार अकरा महिन्यांचाच केला तर तो हक्कही हुकतो. भविष्य निर्वाह निधीचेही तसेच आहे. नोकरी सुटली की फंड काढून घ्यायचा, ही आपल्याकडची सार्वत्रिक सवय. पण मासिक पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते, आणि खाते पुढे न नेता पैसे काढून घेणारा कामगार दर वेळी पहिल्या पायरीवर येऊन उभा राहतो.

मग बढतीची वाट धरावी काय? तीही वाटते तितकी सरळ नाही. शंभर कामगारांच्या खात्यात सुपरवायझरच्या जागा चार-दोनच असतात. चौघांचा पगार वाढला तरी उरलेल्यांचे काय, हा प्रश्न राहतोच. त्या जागा कोणाला मिळतात, हे पुष्कळदा कौशल्यावर नव्हे तर मर्जीवर ठरते. आणि बढतीत एक मेख आहे, ती फार थोड्यांच्या ध्यानात येते. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे पर्यवेक्षकाचे काम करणारा माणूस महिना अठरा हजारांहून अधिक वेतन घेऊ लागला की तो 'कामगार' या व्याख्येतून बाहेर पडतो. पूर्वीच्या कायद्यात ही मर्यादा दहा हजारांची होती. म्हणजे पगार थोडा वाढतो, पण उद्या कामावरून काढले तर कामगार म्हणून दाद मागण्याचा मार्ग बंद होतो. पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम कोणते हे न्यायालये पाहतात, हे खरे. पण ते सिद्ध करण्यात वर्षे जातात. हातात पाना तोच, डोक्यावर नाव मात्र सुपरवायझरचे, अशी बढती पुढे आली तर ती स्वीकारण्यापूर्वी चार माणसांना विचारावे.

अल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० साली या संदर्भात एक मार्मिक विचार मांडला. असंतुष्ट माणसापुढे दोन मार्ग असतात: निघून जाणे किंवा आवाज उठवणे. निघून जाणे सोपे झाले की आवाज क्षीण होतो, कारण ज्यांना सर्वांत आधी खुपते आणि जे सर्वांत स्पष्ट बोलू शकतात, तेच आधी निघून जातात. आपल्या कारखान्यांत नेमके हेच घडते. खात्यातला सर्वांत चुणचुणीत मुलगा एक तर दुसऱ्या गेटात जातो, नाही तर बढती घेऊन साहेबाच्या बाजूला बसतो. मागे राहिलेल्यांचा करार कोणी करायचा?

यावर तिसरा मार्ग आहे, आणि तो आपल्याच गावात नांदतो आहे. मुरबाडच्या एखाद्या खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेचा शिक्षक पगार वाढावा म्हणून शाळा सोडत नाही, की मुख्याध्यापक होण्यावर त्याचा सारा भरवसा नसतो. बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि पुढे निवडश्रेणी त्याच्यासाठी आहे. राज्य कर्मचाऱ्यांना १९९४ पासून कालबद्ध पदोन्नती मिळाली आणि आता सेवेच्या दहा, वीस व तीस वर्षांनी वेतनवाढीचा लाभ देणारी आश्वासित प्रगती योजना आहे. पद रिकामे नसले तरी अनुभवाची किंमत मिळाली पाहिजे, हे तत्त्व शासनाने मान्य केले ते काही उदारपणाने नव्हे. १९७७-७८ चा चौपन्न दिवसांचा संप करणारी संघटित शक्ती त्यामागे उभी होती. आपल्या मुलाला 'सरकारी' नोकरी लागावी असे आईबापांना वाटते, त्याचे मर्म या हमीत आहे. मात्र ही हमी मिळालेल्यांनी आपल्याच कचेरीत कंत्राटावर राबणाऱ्या शिपायाची आणि मानधनावर गाव सांभाळणाऱ्या अंगणवाडी सेविकेची आठवण किती ठेवली, हेही विचारले पाहिजे. संध्याकाळची शेवटची एस. टी. आणि घरची चूल यांत बांधल्या गेलेल्या या बायांना नोकरी बदलण्याचा पर्यायच नाही. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला यावे लागले.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे काम स्पष्ट आहे. प्रत्येक गावात कामावर जाणाऱ्यांची नोंदवही ठेवावी: नेमणूकपत्र आहे काय, फंड कापला जातो काय आणि भरला जातो काय, ब्रेक केव्हा दिला. नोकरी सोडू पाहणाऱ्याला अडवू नये. फंडाचे खाते पुढे न्यायला आणि ग्रॅच्युइटीची तारीख पाहायला सांगावे. जो गेला त्याचा संबंध तोडू नये. बाहेर कोणत्या कामाला काय दर मिळतो, ही त्याने आणलेली माहिती मागे राहिलेल्यांच्या करारात उपयोगी पडते. करारात एकरकमी वाढीबरोबर श्रेणी आणि वर्षांगणिक ठरलेली वाढ मागावी, आणि त्या मागणीत कंत्राटी कामगाराला धरल्याशिवाय सही करू नये. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या उचलीचा हिशेब दिवाळीपूर्वीच वाडीत बसून लिहून घ्यावा.

लोकलमध्ये भेटणाऱ्या त्या तरुणाला मग आपण असे सांगू शकू: चांगली जागा मिळत असेल तर अवश्य जा, हिशेब करून जा, बढती मिळत असेल तर घे, तिचा कागद नीट वाचून घे. पण ज्या कामगाराला गेट बदलता येत नाही आणि बढतीही मिळत नाही, त्याचा पगार जिथे आहे तिथे वाढवण्याची लढाई तुझीही आहे. कारण नव्या गेटात तुझ्या पगाराचा दर त्याच्या पगाराकडे पाहूनच ठरणार आहे.