हंड्याला भोक कुणी पाडलं?



दसलक्षण पर्वात नवव्या दिवशी आमच्या बस्तीत उत्तम आकिंचन्यावर प्रवचन झालं. बाहेर पडून चपला शोधत असताना ओळखीच्या एक वहिनी म्हणाल्या, "आम्ही तर बाई आकिंचन्य केव्हाच आचरणात आणलंय. सासूबाईंचं सगळं पितळ मोडीत काढलं, माळा रिकामा केला. आता घर कसं मोकळं मोकळं." त्यांचं मॉड्युलर किचन मी पाहिलेलं आहे. त्यातल्या फक्त काचेच्या बरण्या मोजायच्या म्हटलं तर सकाळ जाईल. मी हसले, पण काही बोलले नाही. बोलायला तोंड नव्हतं, कारण हेच पुण्य मीही गाठीला बांधलेलं आहे.

त्याच्या आदल्याच महिन्यात मी पुण्याला मुलाकडे गेले होते. सुनेनं दिवाणखाना नव्यानं सजवलाय. खिडकीला लेसचे पडदे, फुलाफुलांच्या जुन्या कपबश्या, चहाच्या टेबलाच्या जागी कुणाची तरी पत्र्याची ट्रंक, भिंतीवर राजा रविवर्म्याच्या छापील चित्राची जुनी फ्रेम. त्याला 'व्हिंटेज' म्हणायचं, हे मला तिनंच सांगितलं. मला आवडलं, खोटं कशाला बोलू? कोपऱ्यात पितळी हंडा होता, घासून लखलखीत केलेला, आणि त्यात मनी प्लांट.

"आई, साडेसहा हजारांना मिळाला. ओरिजिनल आहे."

मी जवळ गेले. हंड्याच्या गळ्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं. लग्नातल्या आहेराच्या भांड्यावर घालतात तसं, चि. सौ. कां. अमुक हिस मामांकडून सप्रेम भेट. खाली शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचं नाव आणि साल १९५८. मुलीचं नाव आपल्यातलंच, आडनावही आपल्यातलं. ते मी इथे लिहीत नाही. सून म्हणाली, "ती डिझाइन किती क्यूट आहे ना!" तिच्या शाळेत मराठी होतं, पण ठिपक्यांतली अक्षरं तिला नक्षीच वाटली होती. मी वाचून दाखवलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. पोर चांगली आहे.

मग तिनं सांगितलं की पाणी साचून मुळं कुजू नयेत म्हणून दुकानदारानंच बुडाला ड्रिलनं भोक पाडून दिलंय. फुकट.

ते ऐकून माझ्या पोटात कालवलं. पण राग तिच्यावर काढू की स्वतःवर, ते कळेना. तो हंडा तिच्यापर्यंत आला कसा? कुणीतरी विकला म्हणून आला. विकणारी तुमच्या-माझ्यासारखीच कुणीतरी असणार.

माझा हिशेब सांगते. मी बी.कॉम. आहे, खतावणी लिहिता येते, म्हणून लपवणार नाही. १९९७ साली आम्ही स्वयंपाकघर नवं केलं, तेव्हा सासूबाईंचे दोन हंडे, एक घंगाळ, पाणी तापवायचा बंब, चार पातेली आणि एक परात मोडीत दिली. एकतीस किलो भरली. किलोला पंचावन्न रुपयांनी १,७०५ रुपये आले. त्यात स्टीलच्या डब्यांचा सेट घेतला आणि उरलेले घरखर्चात गेले. त्या सेटमधला एकही डबा आज घरात नाही. सासूबाई तेव्हा होत्या. "तुझं घर, तू बघ," एवढंच म्हणाल्या आणि माळ जपायला बसल्या. त्या दिवशी ती माळ नेहमीपेक्षा बराच वेळ चालली, हे मला तेव्हाही कळलं होतं.

आम्हाला कॉलेजात घसारा शिकवला होता. यंत्राची किंमत दर वर्षी कमी करत न्यायची, शेवटी उरते ती भंगार किंमत. मी पितळेला यंत्राचा नियम लावला. हंड्याला कसला घसारा? चाळीस वर्षं पाणी भरलं तरी तो हंडाच राहिला होता. तांबटानं तो ठोकून घडवला ती मजुरी, मामानं आहेर केला तो जीव, गळ्यावरचं नाव, सगळं शून्य धरून मी फक्त धातू विकला. आणि आता आपल्या मुली-सुना तीच मजुरी आणि तोच जीव दामदुप्पट नाही, वीसपट देऊन परत आणताहेत. फक्त जीव दुसऱ्याच्या घरचा आहे.

आता आकिंचन्याची गोष्ट. बाह्य परिग्रह दहा प्रकारचे सांगितलेत. शेत आणि घर यांच्यापासून सुरू झालेली ती यादी कुप्य आणि भांड, म्हणजे कापडचोपड आणि भांडीकुंडी, इथवर येते. भांडीसुद्धा परिग्रहच, हे मला मान्य आहे. पण श्राविकेला सांगितलंय ते परिमाण, मर्यादा. जुनं काढून त्याच जागी त्याच्या तिप्पट नवं भरणं ही मर्यादा कुठल्या शास्त्रातली? वहिनींनी दहा भांडी काढली आणि चाळीस आणली. त्याला आकिंचन्य म्हणू नका, सरळ खरेदी म्हणा. खरेदीला माझी ना नाही, धर्माचं नाव तिला देऊ नका.

आपल्या मुनिमहाराजांजवळ काय असतं? पिंछी, कमंडलू आणि शास्त्र. त्यांना आपण परिग्रह म्हणत नाही, उपकरण म्हणतो. पिंछी संयमासाठी, कमंडलू शुद्धीसाठी, शास्त्र ज्ञानासाठी. वस्तू कामाला येते आणि तिच्यात जीव अडकत नाही, तोवर ती उपकरण. तोच कमंडलू कुणी काचेच्या कपाटात दिवा लावून ठेवला तर? मूर्च्छा म्हणजे परिग्रह, असं तत्त्वार्थसूत्र सांगतं आणि आपण ते दर पर्वात ऐकतो. ज्या हंड्याच्या तोंडाला गाळणं बांधून पाणी गाळलं जायचं तो उपकरण होता. भोक पाडून मनी प्लांट लावलेला हंडा, माझ्या मते, परिग्रह आहे. साडेसहा हजारांचा.

"पण पितळ वापरणार कोण?" हा प्रश्न येणारच. खरा आहे तो प्रश्न. पितळ सोडलं ते आपल्याला हौस होती म्हणून नव्हे. चिंच-राखेनं घासून हात फाटायचे. पातेल्याची कल्हई गेली की आमटी-ताक कळकायचं. दारावर येणारा कल्हईवाला यायचा बंद झाला. तो जमिनीत खड्डा करून भाता चालवायचा, भांडं लालसर तापवून नवसागर टाकायचा, मग कथील लावून कापसाच्या बोळ्यानं असं फिरवायचा की आतून चांदी व्हायची. नवसागराचा तो धूर आणि वास अजून नाकात आहे. तो गेला आणि भांडी माळ्यावर गेली. बायकांचे कष्ट कमी झाले, याचा मला आनंदच आहे. उद्यापासून सगळ्यांनी पितळेत स्वयंपाक करा असं मी म्हणत नाही, माझेही गुडघे दुखतात. पण दहांतलं एक ठेवता आलं असतं. प्यायच्या पाण्याला कल्हई लागत नव्हती. एक हंडा, एक परात. तेवढंही आपण ठेवलं नाही, कारण शेजारणीकडे स्टीलची मांडणी लागली होती.

सुनेच्या पिढीला मी सरसकट नावं ठेवणार नाही. जुनं घेणं हे नवं घेण्यापेक्षा कमी हिंसेचं आहे. एक जुनी सागवानी खुर्ची घरात आली तर एक झाड कमी तुटतं. २०१९ च्या पुरात सांगलीला नणंदेकडे पाणी शिरलं. ओसरल्यावर प्लायवूडची कपाटं भिजल्या पावासारखी फुगून रस्त्यावर पडली होती. आजेसासऱ्यांचा सागवानी पलंग मात्र धुतला, उन्हात टाकला आणि तिसऱ्या आठवड्यात त्यावर माणसं झोपली. परदेशात जुन्याची दुकानं चालतात त्यांतली बरीच दान आलेल्या वस्तूंची असतात, विक्रीचे पैसे गरजूंच्या कामाला जातात. इंग्लंडात ऑक्सफॅम हे काम १९४० च्या दशकापासून करतेय. तसं काही आपल्या समाजानं काढलं तर मी स्वतः गल्ल्यावर हिशेबाला बसेन.

पण आपल्याकडे ते तसं नाही. आपल्याकडे बोहारीण आणि भंगारवाला किलोवर नेतात आणि पुढे तेच नगावर विकलं जातं. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, मुंबईत चोर बाजार आहे. तिथल्या ज्या रस्त्यावर जुन्या वस्तूंची दुकानं आहेत त्याचं नाव मटण स्ट्रीट, हे सुनेला सांगितल्यावर ती आठवडाभर तिकडे जायचं नाव काढत नव्हती! आणि सगळं जुनं जुनंच असतं असंही नाही. मुंबईत जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात जुन्या फर्निचरशेजारी नवं लाकूड जुनं दिसेल असं करून मिळतं. घेताना खण ओढून मागची बाजू बघा, जिथे कुणी रंग देत नाही. आणि आपण जैन आहोत हे दुकानात शिरताना विसरू नका. जुन्या बॅगा चामड्याच्या असतात, डबीवरचं पांढरं जडावकाम हस्तिदंती असू शकतं. जीव शंभर वर्षांपूर्वी गेला म्हणून तो शोभेचा होत नाही.

मिरजेतल्या माणसानं तर या फॅशनवर जास्तच चिडावं. आपल्या गावात दीडशेहून जास्त वर्षं सतारी-तंबोरे होतात, २०२४ मध्ये दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. इथले कारागीर जुना तंबोरा दुरुस्त करून, जवारी काढून पुन्हा बोलता करतात. आणि हायवेवरच्या एका हॉटेलात मी तंबोरा पाहिला, तारा काढलेला, भिंतीला खिळ्यांनी मारलेला, भोपळ्याला भोक पाडून आत पिवळा बल्ब. पुन्हा भोकच. वस्तूचं काम बंद पाडल्याशिवाय यांना तिची शोभा दिसत नाही का?

इथवर मी हातचं राखून लिहिलं. यापुढे राखणार नाही.

त्याच मुक्कामात पुण्यात रस्त्याकडेच्या एका विक्रेत्याकडे, अडकित्ते आणि कुलपांच्या ढिगात, मला वीतभर उंचीची धातूची मूर्ती दिसली. "बुद्धा है, माँजी, शोपीस," तो म्हणाला. अंगावर वस्त्राची रेघ नाही, डोक्यावर सात फण्यांचा नाग, पद्मासन. पार्श्वनाथ भगवान. कुणाच्या तरी देवघरातले. चेहरा अभिषेकानं झिजून गुळगुळीत झालेला. किती पिढ्यांचे हात फिरले असतील! त्यानं नऊशे सांगितले. भाजी घेताना दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी मी, तिथे जीभच उचलेना. नऊशे दिले. पदरात धरून घरी आणली. तिथे कुठे ठेवायची कळेना, कारण सुनेच्या घरी मांडायला जागा होती ती सगळी शोभेची होती. रात्रभर देवघराच्या फळीवर स्वच्छ कापडात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी मिरजेला आणून बस्तीत उपाध्यांच्या हाती दिली. त्यांनी काही विचारलं नाही.

ही मूर्ती चोरीची असेल, असं मनाला समजावून बघितलं. असेलही. शंभर वर्षांवरच्या अशा वस्तूंचा धंदा करायला १९७२ च्या कायद्यानं परवाना लागतो, तो त्या माणसाकडे नसणार हेही उघड आहे. पण मला दुसरीच भीती वाटते. वाडा पाडताना, फ्लॅटमध्ये जाताना, "आता रोज अभिषेक कोण करणार" म्हणून, माळ्यावरच्या पितळेबरोबर कुणीतरी तीही तराजूत टाकली असेल. आपल्यापैकीच कुणीतरी. हस्तलिखितांचंही तेच. कल्पसूत्राची सुटी पानं जगभरच्या लिलावांत विकली जातात आणि फ्रेम होऊन भिंतीवर लागतात. मूडबिद्रीला धवलेची ताडपत्रं लोकांनी शतकानुशतकं जिवापाड सांभाळली म्हणून षट्खंडागम आज आपल्या हाती आहे. आपल्याला माळ्यावरची एक ट्रंक सांभाळवत नाही.

म्हणून हात जोडून नाही, ठणकावून सांगते. घर बदलताना भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी एकदा ट्रंकेत स्वतः हात घाला. कामगाराला सांगू नका. मूर्ती, यंत्र, पोथी निघाली तर बस्तीत द्या. भांड्यावर नाव असेल तर वाचा आणि ज्याचं नाव असेल त्याच्या लेकी-सुनांना विचारा. विकायचंच असेल तर खुशाल विका, पण मोडीत नको, भांडं म्हणून विका. आणि जे ठेवाल त्याला काम द्या.

त्या हंड्याचं सांगायचं राहिलं. सुनेनं स्वतःहून मनी प्लांट मातीच्या कुंडीत लावला. मग आम्ही दोघी कसबा पेठेत तांबट आळीत गेलो. कारागिरानं हंडा उलटा धरून भोकातून आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे कुणी केलं?" सून खाली बघत होती. मी म्हटलं, "आमच्याच घरात झालं." त्यानं आतून-बाहेरून डाख लावून दिला. पाणी भरून तासभर ठेवला, थेंब गळला नाही. बुडाला एक डाग दिसतो, तो दिसू दे.

आता हंडा माझ्याकडे मिरजेत आहे, गाळणं बांधलेला. थोरल्या जाऊबाईंचं माहेर शिरोळकडचं, त्यांना गळ्यावरचं नाव आणि गाव कळवलंय. त्या चौकशी करताहेत. त्या बाई असतील तर आता पंच्याऐंशीच्या आसपास असतील. अजून फोन आलेला नाही.