टाकीत नेमके काय भरले आहे?

समुद्रात बुडी मारणाऱ्याच्या पाठीवर ‘ऑक्सिजन सिलिंडर’ असतो, असे बातम्यांत सर्रास छापले जाते. तारकर्लीला पहिल्यांदाच पाण्याखाली जाणाऱ्या पर्यटकाच्या टाकीत असते ती नेहमीचीच हवा, गाळून आणि दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन तर सहा मीटरपलीकडेच घातक ठरू लागतो. या दोहोंच्या मधली वाट म्हणजे नायट्रॉक्स: ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्क्यांवरून बहुधा ३२ किंवा ३६ टक्क्यांवर नेलेली हवा. अमेरिकेच्या ‘नोआ’ या सागर व हवामान संस्थेने १९७०च्या दशकात ती आपल्या डायव्हरांसाठी रूढ केली. आज अंदमानातल्या काही केंद्रांतही ती मिळते आणि प्रशिक्षित हौशी मंडळी ती आवर्जून मागतात.

मागणीचे कारण साधे आहे. नायट्रोजन कमी, म्हणून रक्तात आणि पेशींत तो कमी विरघळतो. एका प्रचलित तक्त्यानुसार १८ मीटरवर साध्या हवेवर ५६ मिनिटे राहता येते, तर ३२ टक्क्यांच्या मिश्रणावर ९५. मात्र या जादा मिनिटांची किंमत किनाऱ्यावर, साहित्य तयार करताना मोजावी लागते आणि नेमकी तिथेच घाई होते.

पहिला धोका आगीचा. करोनाकाळात घरोघरी आलेल्या ऑक्सिजन सिलिंडरना तेल-ग्रीस लागू देऊ नका, ही सूचना अनेकांना आठवत असेल. तोच नियम इथेही आहे. नायट्रॉक्स भरण्याच्या एका पद्धतीत रिकाम्या टाकीत आधी शुद्ध ऑक्सिजन सोडतात आणि वरून हवा भरतात. अंतिम मिश्रण ३२ टक्क्यांचे असले, तरी टाकी आणि तिचा व्हॉल्व्ह काही वेळ शंभर टक्के ऑक्सिजन सोसतात. आत तेलाचा पुसटसा थर किंवा धातूचा कीस राहिला आणि वायू झटक्यात सोडला, तर दाबामुळे निर्माण होणारी उष्णता ठिणगीचे काम करते. म्हणून टाकी व व्हॉल्व्ह खोलून ऑक्सिजनसाठी खास स्वच्छ करावे लागतात, ओ-रिंग ऑक्सिजनला टिकणाऱ्या रबराच्या लागतात, नेहमीचे सिलिकॉन ग्रीस चालत नाही. वरून भरायची हवाही तेलमुक्त हवी. साध्या कॉम्प्रेसरवर ही टाकी एकदा जरी भरली, तरी ती पुन्हा स्वच्छ करणे आले. रेग्युलेटरबाबत ४० टक्क्यांपर्यंत सवलत सर्वसाधारणपणे मानली जाते. निर्मात्याचे म्हणणे वेगळे असेल, तर तेच पाळावे.

दुसरा धोका दिसत नाही. वायूला रंग नाही, वास नाही. श्वासातील ऑक्सिजनचा दाब १.४ बारच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. ३२ टक्क्यांच्या मिश्रणासाठी ही मर्यादा सुमारे ३३ मीटरवर येते, ३६ टक्क्यांसाठी २८ वर. ३६ टक्क्यांची टाकी साधी हवा समजून कोणी ४० मीटरवर नेली, तर हा दाब १.८ बार होतो. अशा दाबाखाली पूर्वसूचनेशिवाय अपस्माराच्या झटक्यासारखे आचके येऊ शकतात, तोंडातली नळी सुटते आणि माणूस बुडतो. ऑक्सिजनचा हा विषारी गुण पॉल बेर या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८७८ मध्येच मांडला होता.

यावरचा उपाय स्वस्त आहे. बुडी मारणाऱ्यानेच आपली टाकी ऑक्सिजनमापकावर तपासायची. मापक आधी साध्या हवेवर २०.९ ला जुळवायचा, कारण त्यातला सेन्सर कालांतराने क्षीण होतो. मग प्रमाण, कमाल खोली, तारीख आणि नाव चिकटपट्टीवर लिहून ती टाकीला लावायची आणि मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये तोच आकडा भरायचा. कॉम्प्युटर आदल्या दिवशीच्या आकड्यावर राहिला, तर तो बिनदिक्कत चुकीचे सांगत राहतो.

केंद्रचालक ‘आम्ही तपासलंय, काळजी नको’ म्हणाला, तरी मापक मागून घेण्यात संकोच कसला? टाकी ऑक्सिजनसाठी शेवटची कधी स्वच्छ केली, याची नोंदही पाहायला मागावी. जिथे मापक नाही किंवा नोंद नाही, तिथे साध्या हवेची टाकी घ्यावी. अठरा मीटरवरची ५६ मिनिटे बहुतेकांना पुरतात.