‘पाळणे’ या क्रियापदाची जबाबदारी

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आम्ही दोघेही गेली अनेक वर्षे वर्गात सांगत आलो आहोत. मर्यादित कुवतीच्या माणसाला उद्देशून ती वापरतात, असा अर्थ सांगायचा, एखादे वाक्य करून दाखवायचे आणि पुढच्या म्हणीकडे वळायचे, हा आमचा शिरस्ता. या म्हणीतले हसू नेहमी सरड्याच्या वाट्याला येते. कुंपण कोणी घातले, हा प्रश्न म्हणीला पडत नाही आणि खरे सांगायचे तर आम्हालाही तो कधी पडला नव्हता. तो पडला २०२३ च्या उन्हाळी सुट्टीत, न्यू जर्सीतल्या एका घरात, चार फूट लांब आणि दोन फूट रुंद अशा काचेच्या पेटीसमोर.

आमच्यापैकी एकाची बहीण तिथे राहते. तिच्या अकरा वर्षांच्या मुलाने बिअर्डेड ड्रॅगन पाळला आहे. हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला प्राणी. आपल्याकडे कुंपणावर मान हलवत बसणाऱ्या सरड्याच्याच कुळातला. आजीकडून ऐकलेल्या गोष्टींमुळे पाळलेल्या प्राण्याचे नाव मिठूच असते, अशी भाच्याची समजूत. म्हणून या ड्रॅगनचे नाव मिठू. एका लग्नासाठी ते सारे कुटुंब दहा दिवस पश्चिम किनाऱ्यावर गेले आणि घराबरोबर मिठूही आमच्या स्वाधीन झाला. निघताना भाच्याने फ्रिजवर एक कागद लावला. त्यावर पहिलेच वाक्य होते: ‘मामा-मामी, रोज शी उचलायची, उद्यावर नाही टाकायची.’

आम्हाला हसू आले. पण त्या कागदातल्या प्रत्येक ओळीमागे काही कारण होते, हे पुढच्या दहा दिवसांत कळत गेले. सरड्याच्या विष्ठेत एक तपकिरी भाग असतो आणि एक पांढरा, खडूसारखा. हा पांढरा भाग म्हणजे त्याचे मूत्रच. पाण्याचा थेंबही वाया जाऊ नये म्हणून वाळवंटातल्या या देहाने युरिक आम्ल घट्ट करून बाहेर टाकायची सोय केलेली असते. उघड्या माळरानावर तो विष्ठा टाकून पुढे निघून जातो. पेटीत त्याला जायला जागाच नसते. कॉक्सिडिया नावाचे परजीवी काही सरड्यांच्या आतड्यात थोड्या प्रमाणात असतात. त्यांची बीजे विष्ठेतून बाहेर पडतात, जमिनीवर पसरतात, पाल्याला चिकटतात आणि पुन्हा पोटात जातात. मोकळ्या रानात हे चक्र विरळ राहते, पेटीत ते दाट होत जाते आणि प्राणी खंगतो. म्हणजे रोज विष्ठा उचलणे याचा अर्थ कुंपण घालून आपण जे चक्र आवळले ते रोज हाताने सैल करणे, इतकाच आहे.

कागदावर आणखीही बरेच काही होते. संध्याकाळी उरलेला पाला काढायचा. न खाल्लेले रातकिडे पेटीत ठेवायचे नाहीत, कारण रात्री तेच निजलेल्या सरड्याला चावतात. पाण्याचे भांडे रोज घासायचे, पण स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये नाही. दिव्याखालचा दगड ४० अंश सेल्सियसच्या आसपास तापला पाहिजे आणि पेटीचे दुसरे टोक २५ अंशांच्या जवळपास राहिले पाहिजे. ही तापमानाची ओळ स्वच्छतेच्या यादीत कशी, असे आम्हाला वाटले होते. पण सरड्याच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. बाहेरची ऊब मिळाली नाही तर खाल्लेले पचत नाही आणि पोटातच कुजू लागते. त्याच्या बाबतीत ऊन हाही स्वच्छतेचाच भाग आहे.

चौथ्या दिवशी आमच्या हातून चूक झाली. पेटीला किंचित वास येतो आहे, असे आम्हाला वाटले. घर आपल्यावर सोपवलेले, तेव्हा सारे लख्ख करून ठेवावे, अशा उत्साहाने मिठूला आम्ही एका खोक्यात ठेवले, फरशी पुसायचे पाइनच्या वासाचे द्रावण घेतले आणि पेटी आतून बाहेरून पुसून काढली. काच चकाकू लागली. खोलीला ‘स्वच्छ’ वास आला. तासाभराने मिठूला आत सोडले. थोड्या वेळात तो कोपऱ्यात जाऊन तोंड उघडे टाकून बसला. पाल्याकडे बघेना. रात्री भाच्याचा फोन आला. त्याने पहिला प्रश्न विचारला, “मामी, त्याची दाढी काळी झालीय का?” झाली होती. हा प्राणी घाबरला, त्रासला की गळ्याखालची दाढी काळी करतो, हे आम्हाला तेव्हा समजले. पलीकडे काही क्षण शांतता होती. मग तो रडू आवरत म्हणाला, “तुम्ही काय वापरलंत?”

बहिणीने लगेच डॉक्टरांना विचारून कळवले, की फिनॉल असलेली आणि पाइन तेलाची द्रावणे अशा प्राण्यांना घातक असतात. त्याला ताबडतोब बाहेर काढा आणि मोकळी हवा द्या. रात्री अकरा वाजता आम्ही ती पेटी साध्या पाण्याने पाच वेळा धुतली आणि सुकवली. मिठू दोन दिवस काही खात नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने एक पान खाल्ले, तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले, पण बोललो काहीच नाही.

त्या दोन दिवसांत एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. आम्ही पेटी आमच्या नाकासाठी धुतली होती, सरड्याच्या फुफ्फुसांचा विचारच केला नव्हता. आपल्याकडे ‘स्वच्छ’ या शब्दाचा अर्थ पुष्कळदा ‘दिसायला बरे’ असाच घेतला जातो. पाहुणे येणार म्हणून बैठकीची खोली आवरायची, तशीच ही स्वच्छता. खरी रीत फार साधी आणि कंटाळवाणी आहे. आधी घाण पूर्ण काढायची, मग क्लोरहेक्सिडिनसारखे सौम्य जंतुनाशक योग्य प्रमाणात पातळ करून लावायचे, दहा मिनिटे थांबायचे, धुवायचे, पूर्ण सुकवायचे. घाणीवरच जंतुनाशक ओतले तर त्याची ताकद घाणीतच खर्ची पडते. शिवाय सगळे काही डोळ्यांना दिसत नाही. अतिनील किरणांची नळी जुनी झाली तरी उजेड देतच राहते, किरण मात्र क्षीण होतात. मग कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडे मऊ पडू लागतात. म्हणून नळी बदलायची ती तारीख पाहून. तिचा उजेड पाहून काही कळत नाही.

सिंकविषयीची ओळही आम्ही अतिसावधपणा समजलो होतो. निरोगी दिसणारे सरपटणारे प्राणीसुद्धा साल्मोनेलाचे जंतू बाळगून असतात. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. २०१४ साली तिथे बिअर्डेड ड्रॅगनशी जोडलेल्या साथीचा तपास झाला, तेव्हा बाधितांत लहान मुले मोठ्या संख्येने होती. घरात पाच वर्षांखालचे मूल असेल तर असा प्राणी ठेवूच नये, असा तिथल्या आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे.

आता भाषेकडे येतो. मराठीत ‘पाळणे’ हे एक विलक्षण क्रियापद आहे. आपण कुत्रा पाळतो, वचन पाळतो, शिस्त पाळतो, व्रत पाळतो, सोवळेही पाळतो. प्राणी जवळ बाळगणे आणि दिलेला शब्द मोडू न देणे यांसाठी भाषेने एकच शब्द ठेवला आहे. आम्हाला हा नुसता योगायोग वाटत नाही. मात्र व्यवहारात आपण या क्रियापदाची फाळणी केली आहे. हौस एकाची आणि झाडलोट दुसऱ्याची, ही आपल्या घरांची जुनी व्यवस्था. मूल मासे आणते, टाकी आई धुते. साहेब कुत्रा आणतात, त्याची घाण मोलकरीण काढते. घाणीला हात लावणारा वेगळा आणि मालकी सांगणारा वेगळा, हे वाक्य आपल्या समाजाच्या इतिहासात आणखी कुठे कुठे लागू पडते, ते वाचकांना सांगण्याची गरज नाही. आमचे मत असे की जो स्वतः विष्ठा उचलत नाही त्याने ‘मी पाळला आहे’ असे म्हणू नये; ‘मी विकत घेतला आहे’ एवढेच म्हणावे.

प्राण्याला पेटीत ठेवणेच मुळात गैर, असेही कोणी म्हणेल. या आक्षेपात तथ्य आहे. आपल्याकडची घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिला घरात ठेवणे गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्स करारातल्या विदेशी प्रजाती बाळगणाऱ्यांनाही नोंदणी बंधनकारक झाली आहे. आमच्या शहरातले काही विद्यार्थी आता असे विदेशी सरडे घेण्याच्या गोष्टी करतात. आम्ही त्यांना घेऊ नका असेच सांगतो. पण जो प्राणी पेटीत जन्मला आणि ज्याला सोडायला रान उरलेले नाही, त्याच्यापुरता हा वाद संपलेला असतो. त्याच्यासाठी एकच प्रश्न शिल्लक राहतो: आज पेटी कोणी साफ केली?

असो. दहाव्या दिवशी भाचा परतला. बूट न काढताच तो पेटीपाशी गेला, मिठूची दाढी पाहिली, दगडावर हात ठेवून ऊब पाहिली, मग कोपऱ्यातला कागद उचलून वास घेतला. त्यानंतर आमच्याकडे वळून म्हणाला, “आजची शी राहिलीय.” ती त्याने स्वतःच उचलली आणि हात धुवायला गेला.