‘हळू चालव’ म्हणजे शिकवणं नव्हे!

सकाळी आठच्या सुमारास आपल्या गावातल्या कुठल्याही चौकात पाच मिनिटं उभं राहून बघा. कुणी मुलाला शाळेत सोडायला निघालेली, कुणी बँकेत, कुणी झेडपीच्या शाळेवर, कुणी मागे भाजीची पिशवी अडकवून. निम्म्याहून अधिक जणी दुचाकीवर. 1972 साली लूना आली आणि 1984 साली बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली कायनेटिक होंडा. तेव्हापासून आपल्या बायकांना जणू चाकं फुटली. गाडी कोणत्या का कंपनीची असेना, आपल्यासाठी ती ‘स्कूटी’च. रिक्षाची वाट बघणं संपलं, ‘जरा सोडता का’ म्हणणं संपलं. हे स्वातंत्र्य लहान नाही.

पण एक प्रश्न स्वतःलाच विचारा. गाडी चालवायला तुम्हाला कुणी शिकवलं?

बहुतेकींचं उत्तर सारखंच असेल. भावानं किंवा नवऱ्यानं, दोन-तीन संध्याकाळी शाळेच्या मैदानावर. तो मागे धावला, आपण किंचाळलो, मग तोल सावरला आणि झालं शिक्षण. पुढे आरटीओत आठच्या आकड्यात गाडी फिरवून दाखवली की लायसन्स हातात. त्यानंतर आयुष्यभर एकच सूचना कानावर येते, ‘हळू चालव’.

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका शिक्षिकेला भेटायला गेले होते. उजवा हात प्लास्टरमध्ये. शाळेच्या वाटेवर वळणाला बारीक खडी पसरली होती आणि समोरून उसाची ट्रॉली आली. बाई म्हणाल्या, “मला फक्त ती ट्रॉलीच दिसत होती. ब्रेक गच्च दाबला आणि पुढचं काही कळलंच नाही.” वेग किती होता? तीस! घरचे म्हणाले, “सांगितलं होतं ना, हळू चालव म्हणून.” आणि बाईंनी ठरवलं, आता गाडी बंद. म्हणजे रोजचे चौदा किलोमीटर दुसऱ्या कुणाच्या तरी सोयीनं. मला त्या प्लास्टरपेक्षा हा निर्णय जास्त बोचला.

त्याच सुमारास एका वेगळ्याच शाळेविषयी वाचत होते. मोटारसायकल शर्यतीच्या शाळेविषयी. तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण वाचत गेले तसं जाणवलं, बाईंच्या प्रत्येक वाक्याचं उत्तर तिथे आहे.

ही शाळा कीथ कोड नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकानं 1980 साली कॅलिफोर्नियात सुरू केली. नाव कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल. पुढे जगातल्या अनेक देशांत तिचे वर्ग भरू लागले, आपल्याकडे चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या रेस ट्रॅकवरही भरले. तिथे वाऱ्याच्या वेगानं गाडी पळवायला शिकवत असतील, असा आपला समज. प्रत्यक्षात पहिल्या धड्यात विद्यार्थ्याला सांगतात, एकाच गिअरमध्ये चालव आणि ब्रेकला हात लावू नकोस. मग वळणाआधी वेग किती असावा, हे स्वतःलाच ओळखावं लागतं. आधी वर्गात बसून एकच गोष्ट समजून घ्यायची, मग वीसेक मिनिटं ट्रॅकवर तेवढ्याच गोष्टीचा सराव, मग प्रशिक्षकाशी बोलून चूक समजून घ्यायची. दिवसभरात असे पाच धडे. पोळी शिकवताना आई जसं आधी कणीक, मग गोळा, मग लाटणं असं एकेक शिकवते, तसंच.

कोड यांनी 1983 साली पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी दिलेला एक दाखला मला फार आवडला. ते म्हणतात, चालवणाऱ्याचं लक्ष म्हणजे दहा डॉलरची नोट समजा. खर्चायला तेवढेच आहेत. नवशिक्याचे नऊ तर गाडी बंद न पडू देता क्लच सोडण्यातच जातात. सराव झाला की तेच काम पाच पैशांत होतं आणि उरलेलं लक्ष रस्त्यासाठी शिल्लक राहतं.

आता आपली नोट बघा. घरातून निघतानाच ती मोडलेली असते! दोन रुपये गॅसवर ठेवलेल्या दुधाचे, बंद केलं की नाही? दोन मुलाच्या परीक्षेचे, एक सासूबाईंच्या गोळ्यांचा, एक मस्टरवरच्या लाल रेघेचा. रस्त्याला उरतात चार. त्यात ओढणी सावरायची आणि पर्सही. ‘बायकांना गाडी चालवता येत नाही’ असं हसून म्हणणाऱ्यांनी हा हिशोब कधी मांडला आहे का? दोष बाईपणाचा नाही. दोष अर्धवट शिक्षणाचा आणि डोक्यावरच्या ओझ्याचा आहे.

दुसरी गोष्ट भीतीची. कोड यांनी 1993 सालच्या दुसऱ्या पुस्तकात जीव वाचवण्यासाठी शरीर आपोआप करतं अशा सात चुका सांगितल्या आहेत. घाबरलं की हात ॲक्सिलरेटर एकदम सोडतो, हँडल घट्ट आवळलं जातं, नजर आखडते, एकाच वस्तूवर खिळते, गाडी त्या वस्तूकडेच ओढली जाते, वळवायचं सुचत नाही किंवा नीट जमत नाही आणि ब्रेक चुकीचा लागतो. वाचलं आणि बाईंची ट्रॉली डोळ्यासमोर आली. त्या बावळट नव्हत्या. शर्यतीत धावणाऱ्या पुरुषांचंही शरीर हेच करतं. फरक एवढाच, की त्यांना कुणीतरी ते समजावून सांगितलेलं असतं आणि सराव करून घेतलेला असतो.

म्हणून त्या शाळेत नजरेचे वेगळे धडे आहेत. वळण कुठून घ्यायचं ती जागा आधी हेरायची आणि तिथे पोचण्याआधीच नजर पुढे, जिथे जायचं तिथे न्यायची. खड्डा चुकवायचा तर खड्ड्याकडे नाही, बाजूच्या चांगल्या रस्त्याकडे बघायचं. करून बघा, गाडी नजरेमागे जाते.

आणखी एक गंमत. त्यांच्याकडे एक मोटारसायकल असते, तिला नेहमीच्या हँडलशिवाय दुसरं एक हँडल थेट सांगाड्याला पक्कं बसवलेलं असतं. ते धरून नुसतं अंग कलवून गाडी वळवा म्हणतात. कितीही कला, गाडी नीट वळतच नाही! कारण थोडा वेग आला की दुचाकी वळते ती हँडलवरच्या हलक्या दाबानं. डावीकडे जायचं तर डावा हात किंचित पुढे ढकलायचा, की गाडी डावीकडे कलते. ऐकायला उलटं वाटतं, पण लहानपणी सायकलवर आपण नकळत हेच करत आलो. मात्र त्यासाठी हात सैल हवेत. आखडलेल्या हातांना गाडीचं काही कळत नाही.

आता ब्रेक. ‘पुढचा ब्रेक लावू नकोस, उलटशील’ हा उपदेश आपल्यापैकी किती जणींनी ऐकला आहे? अर्धाच खरा आहे तो. ब्रेक लागला की भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. धोका आहे तो झटका देऊन दाबण्यात आणि वळणात, खडीवर दाबण्यात. लिंबू पिळतो तसा हळूहळू वाढवत, गाडी सरळ असताना, दोन्ही ब्रेक लावावेत. एप्रिल 2019 पासून विकल्या जाणाऱ्या 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही चाकांचा एकत्रित ब्रेक किंवा एबीएस सक्तीचं झालं आहे. पण गाडी जुनी असेल तर डावीकडचा लिव्हर फक्त मागचंच चाक धरतो, हे ध्यानात असू द्या. आणि वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, वळणात नव्हे.

तीसच्या वेगात गाडी एका सेकंदात आठ मीटरहून जास्त पुढे जाते. घाबरून ब्रेक शोधण्यात एक सेकंद गेला की तेवढं अंतर गेलंच. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर जवळजवळ चौपट होतं. तेव्हा ‘हळू’ हा सल्ला खोटा नाही, अपुरा आहे.

शर्यतीचं क्षेत्र बायकांसाठी कधी सोपं नव्हतं. 1962 साली बेरिल स्वेन या इंग्लंडच्या महिलेनं आइल ऑफ मॅनच्या प्रसिद्ध शर्यतीत एकटीनं भाग घेतला, तर पुढे बायकांना ते दार बंदच करण्यात आलं. 2018 साली स्पेनच्या आना कारास्कोनं पुरुषांबरोबर धावून 300 सीसी गटाचं जागतिक अजिंक्यपद मिळवलं. आपल्या बंगळूरच्या ऐश्वर्या पिस्सेनं 2019 मध्ये बाहा रॅलीचा महिलांचा विश्वचषक जिंकला. या मुली काही वेगळ्या मातीच्या नाहीत. त्यांना शिकायला मिळालं.

आपल्याला शर्यत लावायची नाही आणि त्या महागड्या शाळेत जायचीही गरज नाही. पण तिथली शिकवण्याची पद्धत गावात आणता येईल की नाही? रविवारी सकाळी शाळेचं मैदान रिकामं असतं. महिला मंडळानं पुढाकार घ्यावा, जाणत्या प्रशिक्षकाला, वाहतूक पोलिसांना बोलवावं. चार विटा मांडून नजरेचा सराव, खडूची रेघ ओढून ब्रेकचा सराव. एका वेळी एकच गोष्ट. हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे वाटतो, एखाद्या वर्षी असा वर्ग का ठेवू नये?

आणि हेल्मेट? केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 साली देशात हेल्मेट न घातलेले 50,029 जण अपघातांत गेले. त्यातले 14,337 मागे बसलेले होते. मागे बसणाऱ्यांत आपणच जास्त असतो, हे सांगायला नको. केस विस्कटतात, उकडतं, ‘जवळच तर जायचंय’, ही कारणं मीही दिली आहेत. आता देत नाही. आयएसआयचा शिक्का बघून घ्यायचं, पट्टा लावायचा, पदर-ओढणी खोचायची आणि मगच किल्ली फिरवायची. त्याआधी दाराशीच क्षणभर थांबून आपली ती दहा रुपयांची नोट मोजायची. दुधाची, परीक्षेची चिल्लर घरातच ठेवायची.

बाईंना मी हे सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मला येत नव्हतं असं नाही, कुणी शिकवलंच नव्हतं.” प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल. डॉक्टरांनी हो म्हटलं की पहिल्या रविवारी आम्ही दोघी मैदानावर जाणार आहोत. शिकण्यासारखं माझंही बरंच राहिलं आहे.

तुम्ही कधी जाताय?