पार्किंग, टबी आणि ब्रदर

लग्न भिंगारला होतं. नवरामुलगा शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा, आता एअर फोर्समध्ये पायलट आहे. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, बँडवाल्यांनी जीव तोडून वाजवायला सुरुवात केली आणि आता हार घालायचा, तेवढ्यात मागून पाच-सहा जण एका सुरात ओरडले, "पार्किंग! हार बरोबर गळ्यात घाल रे!"

अख्खं मंगल कार्यालय वळून बघायला लागलं. बारीक कापलेले केस, एकसारखे ब्लेझर, चेहऱ्यावर निव्वळ खोडसाळपणा. नवरदेव कानापर्यंत लाल. नवरी मात्र खुदकन हसली, म्हणजे तिला हे प्रकरण आधीच माहीत होतं.

काकू माझ्या शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "बघ गं, बारशाला बारा नावं काढली होती, त्यातून निवडून हे ठेवलं. आणि ही पोरं माझ्या मुलाला पार्किंग म्हणतात! तिथं काय गाड्या लावतो का हा?"

पंगतीत मी त्या टोळक्याच्या शेजारची खुर्ची पकडली आणि जिलबीच्या बदल्यात माहिती काढली. ट्रेनिंगच्या दिवसांत स्वारीने एकदा झक्कास लँडिंग केलं. इन्स्ट्रक्टरही खूश. त्या आनंदात साहेब चुकीच्या वळणावर वळले आणि भलत्याच युनिटच्या दारात नेऊन विमान उभं केलं. आकाशात सगळं बरोबर, जमिनीवर पत्ता चुकला! संध्याकाळपर्यंत बारसं उरकलं होतं.

"पण त्याला विचारलं नाही?" मी.

"मॅडम, ज्याचं त्याला ठरवू दिलं असतं तर आम्ही सगळे टायगर नाहीतर कोब्रा झालो असतो."

फंडा क्लिअर आहे. नाव आपण घ्यायचं नसतं, ते आपल्याला पडतं. चूक जितकी जाहीर तितकं नाव पक्कं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नाव आवडलं नाही असं चुकूनही दाखवायचं नाही. दाखवलंत की ते रिटायरमेंटपर्यंत तुमचं.

'टॉप गन'ने 1986 साली आपला जरा गैरसमजच करून दिला. मॅव्हरिक, आइसमन... वाटलं, फायटर पायलटची नावं अशी गॉगल लावूनच येतात. खरी नावं यापेक्षा बरीच घरगुती असतात. सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे नावाची किंवा आडनावाची मोडतोड. 'फायटर' या 2024 च्या सिनेमातला हृतिक पठानियाचा 'पॅटी' होतो, तसंच. 25 जून 2025 ला अंतराळात झेपावलेले आपले ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला यांचा कॉलसाइन 'शक्स'. शुक्लाचा शक्स, संपला विषय!

दुसरी पद्धत म्हणजे माणसाच्या पूर्वायुष्यावरून. दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश हवाई दलाचा नामवंत लढवय्या अॅडॉल्फ मलान आधी व्यापारी जहाजावर होता. मग तो कितीही उंच उडो, सगळ्यांसाठी 'सेलर'च राहिला. त्याच दलातला डग्लस बेडर दोन्ही कृत्रिम पायांवर विमान उडवायचा. त्याचा रेडिओवरचा कॉलसाइन काय होता? 'डॉग्जबडी'. म्हणजे पडेल ती हलकीसलकी कामं करणारा हरकाम्या! नावाची आद्याक्षरं डी आणि बी, त्यावरून हा उद्योग.

तिसरी पद्धत माझी लाडकी. वरून रुबाबदार, आतून खट्याळ. अमेरिकन नौदलाचा पायलट व्हिक्टर ग्लोव्हर 2020 मध्ये स्पेसएक्सच्या यानातून अंतराळ स्थानकावर गेला. त्याचा कॉलसाइन 'आइक'. ऐकायला राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवरसारखा भारदस्त. प्रत्यक्षात तो 'आय नो एव्हरीथिंग'चा शॉर्टफॉर्म आहे आणि तो त्याला त्याच्या एका कमांडिंग ऑफिसरने बहाल केला. तुमच्या ऑफिसातला 'आइक' आत्ता डोळ्यासमोर आला ना? माझ्याही आला.

आणि हे सगळं विलायती खूळ आहे असं समजू नका. आपल्या मराठी लोकांचा यात हात कोण धरणार? एकबोटे, टकले, वाकडे, बोबडे ही आडनावं घ्या (आडनावबंधूंनी राग मानू नये). सात पिढ्यांपूर्वी गावातल्या कुणीतरी कुणालातरी हाक मारली असणार आणि ती आज आधार कार्डावर आहे. उत्तरेकडे वाऱ्याच्या वेगाने मुसंडी मारणाऱ्या रघुनाथराव पेशव्यांना लोक 'राघोभरारी' म्हणायला लागले. 1758 मध्ये अटकेपर्यंत मराठी फौजा गेल्या, तेव्हा विमान नव्हतं, पण कॉलसाइन तयार होता.

उलट स्वतःच स्वतःचं नाव ठेवलं तर काय होतं, याचं उदाहरण थेट भिंगारच्या वेशीवर आहे. औरंगजेबाने तख्तावर बसताना 'आलमगीर' हा किताब घेतला. आलमगीर म्हणजे जग जिंकणारा. 1707 मध्ये तो इथेच, भिंगारजवळच्या छावणीत वारला. भिंगारजवळ आज आलमगीर नावाचा एक भाग आहे. आणि माणसाला मात्र सगळे औरंगजेब म्हणूनच ओळखतात. जग जिंकणाऱ्याचा किताब एका वस्तीपुरता उरला!

तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ही सगळी वरात जवळच्या टँक म्युझियममध्ये गेली. भिंगारला फौजेचं अप्रूप नाही. गावाला खेटूनच कँटोन्मेंट, त्यामुळे आम्ही लहानपणापासून हिरव्या गाड्या बघत मोठे झालो. पण 1994 मध्ये सुरू झालेलं हे म्युझियम बाहेरच्यांसाठी सॉलिड आकर्षण आहे. मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल... टोळक्याचं म्हणणं पडलं की रणगाडेवाल्यांनी लोखंडाला छान छान नावं दिली आणि आम्हाला पार्किंग.

मग कुणीतरी 'फामागुस्ता'चा विषय काढला आणि पोरं गप्प झाली. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्या सेंच्युरियन रणगाड्याचं हे नाव. 16 डिसेंबर 1971, बसंतरची लढाई. रणगाडा पेटला तरी त्यांनी तो सोडला नाही आणि त्यातच ते गेले. वय 21. परमवीरचक्र मिळालं. तो रणगाडा नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलाय.

तिथल्या बाकावर बसून मला दोन गोष्टी कळल्या, पायलटांच्याच.

पहिली स्क्वाड्रन लीडर ए. बी. देवय्या यांची. सोबती त्यांना 'टबी' म्हणायचे. टबी म्हणजे गुबगुबीत. आजच्या एखाद्या एचआरवाल्याने ऐकलं तर नोटीसच काढेल. 7 सप्टेंबर 1965 ला सरगोधावर हल्ला करायला निघालेल्या मिस्टियर विमानांमध्ये टबी राखीव होते. पाकिस्तानचं स्टारफायटर आडवं आलं. ते मिस्टियरपेक्षा कितीतरी वेगवान. टबींच्या विमानाला मार बसला होता, तरी ते वळले, भिडले आणि त्यांनी स्टारफायटर पाडलं. टबी परतले नाहीत. त्यांनी काय केलं हे इथे कुणाला ठाऊकही नव्हतं. पाकिस्तानच्या बाजूने लिहिल्या गेलेल्या एका पुस्तकातून पुढे ते उलगडलं आणि 1988 मध्ये, म्हणजे 23 वर्षांनी, मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. आजही हवाई दलाचा इतिहास सांगणारे त्यांचं नाव 'टबी' देवय्या असंच घेतात. त्या शब्दात आता चेष्टा औषधालाही उरलेली नाही.

दुसरी फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों यांची. हा माणूस ज्याला त्याला 'ब्रदर' म्हणायचा, म्हणून त्याचंच नाव ब्रदर पडलं. त्यांचे लीडर घुमन, म्हणून ते 'जी-मॅन'. 14 डिसेंबर 1971 ला सहा सेबर विमानं श्रीनगरच्या विमानतळावर चालून आली. धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना सेखोंनी आपलं छोटंसं नॅट उडवलं आणि एकट्याने त्यांच्याशी झुंज दिली. विमानाला मार बसल्यावर रेडिओवरून त्यांनी लीडरला बोलावलं. कुठल्या नावाने? जी-मॅन. रँक नाही, आडनाव नाही. हवाई दलाला आजवर मिळालेलं एकमेव परमवीरचक्र या ब्रदरचं आहे.

म्हणजे जेव्हा श्वासाला वेळ नसतो, तेव्हा तोंडातून हेच नाव निघतं. इतकी वर्षं टिंगल वाटणारी ही भानगड मला त्या बाकावर जरा वेगळी दिसायला लागली.

आता थोडं आपलं बोलूया. कारण ऑफिसातही बारशी होतात. माझंही झालं होतं.

पुण्यातल्या माझ्या पहिल्या नोकरीत मी एकदा बोलताबोलता 'यष्टीने आले' म्हणाले. भिंगारमध्ये आम्ही एसटीला यष्टीच म्हणतो, त्यात काय? पण झालं, मी 'यष्टी' झाले. पहिले काही दिवस मीही हसले. टीममध्ये घेतलं बुवा आपल्याला, असं वाटलं. मग लक्षात आलं की यष्टी म्हणून हाक फक्त हसायचं असेल तेव्हा येते. पिझ्झा मागवताना येत नाही. डेडलाइनला अडकले तर 'यष्टी, थांबू का?' असं कुणी म्हणत नाही. एकदा क्लायंटसमोर सीनिअरने ओळख करून दिली, "ही आमची यष्टी." त्यानंतर मी मीटिंगमध्ये तोंड उघडण्याआधी प्रत्येक शब्द मनात दोनदा घासूनपुसून बघायला लागले. सहा महिन्यांत माझी भाषा एकदम शुद्ध झाली आणि मी जवळजवळ मुकी झाले.

मग फरक कुठे आहे? मी बरेच दिवस एक सोपी कसोटी वापरायचे. माणसाने केलेल्या गोष्टीवरून नाव पडलं तर चालेल. त्याचं शरीर, रंग, गाव, जात, बोली यावरून पडलं तर नाही. कसोटी वाईट नाही, अजूनही बऱ्याचदा चालते. पण टबी तिच्यात बसत नाहीत ना! आणि 'चुकीवरून पडलेलं नाव' हेही कधीकधी नुसतं निमित्त असतं.

फौजेतही सगळं गोडगोड नसतं. अमेरिकन नौदलात 2019 मध्ये कृष्णवर्णीय पायलटांच्या तक्रारींवरून चौकशी झाली. काही कॉलसाइन सरळसरळ वंशावरून टोमणे मारणारे होते. शेवटी, नावं कशी ठरतात यावर वरिष्ठांनी लक्ष ठेवायचं ठरलं. म्हणजे 'अरे, आमच्यात चालतं' हे वाक्य तिथेही दरवेळी खरं नव्हतं.

हे सगळं मी पार्किंगला विचारलं. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी, त्याच्या गच्चीवर, काकूंच्या हातचा चहा घेत. तो म्हणाला, "एक बघायचं. नाव ठेवणाऱ्याला स्वतःचं नाव आहे का? आमच्यात ज्याने मला पार्किंग केलं त्याचं नाव घरी सांगण्यासारखं नाहीये. आणि दुसरं, तो तुझ्या बाजूने उडतो का? तो माझ्या चुकीवर हसला, पण त्या रात्री माझ्याबरोबर बसून टॅक्सीवेचा नकाशा पाठ करून घेतला त्यानेच."

बॉस, हे मला कुठल्याच इंडक्शन ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या त्या ऑफिसात नावं वरून खाली यायची. खालून वर एकही जात नव्हतं. सीनिअरला नाव ठेवायची कुणाची टाप होती? ज्या टीममध्ये एकाच माणसाला टोपणनाव असतं, तिथे तो माणूस टीममध्ये नसतो.

तर उद्या कॅन्टीनमध्ये नव्या पोराचं बारसं करायची हुक्की आली, तर जरूर करा. पोरगं एकदम फॉर्मल राहण्यापेक्षा ते बरं. फक्त आधी आपलं नाव त्याला सांगून टाका, ज्या फजितीमुळे पडलं त्या फजितीसकट. आणि तो ज्या गोष्टीवरून अडखळतोय तिच्यावर हसलात, तर संध्याकाळी अर्धा तास त्याच्याबरोबर बसा. नाहीतर त्याचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव छान आहे, तेच वापरा.

गच्चीवर मी त्याला यष्टीची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी. तो मोठ्याने हसला, मग एकदम गप्प झाला आणि काही बोलला नाही.

संध्याकाळी मी पुण्याला निघाले. नगरच्या स्टँडवर सोडायला तो आणि त्याची बायको दोघं आले होते. मी खिडकीची जागा पकडली, कंडक्टरने बेल दिली, गाडी हलली आणि खालून त्याने हात उंचावून ओरडून सांगितलं,

"यष्टी! पोचलीस की फोन कर!"

आजूबाजूचे चार लोक माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकले आणि ओरडले, "करते रे पार्किंग!"